बंद ट्रेलर आणि गुळाचा काटा

आमची गाडी पिवळी आहे, दोन सीटची आहे आणि तिचं इंजिन मागे आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच कुणी ऐकून घेत नव्हतं.

गाडी माझ्या मिस्टरांची. आठ वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. वर्षातून दोनदा ते ती दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर पळवायला न्यायचे आणि मी भिंतीपाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. मी एकोणीस वर्षं फाउंड्रीत कास्टिंगची मापं तपासली आहेत, त्यामुळे वेळा लिहून ठेवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं अडखळत राहिलं. डोकं शाबूत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण घरी भेटायला येणारी माणसं त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलतात.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, गाडी विकून टाका. धाकट्या दिरांनी तर गिऱ्हाईकही आणलं होतं. दिरांचं गुळाचं अडत दुकान आहे, आणि दुकानात बोलतात त्याच आवाजात ते घरातही बोलतात.

"वैनी, माणूस खाटंवर हाय आणि गाडी दारात कशाला? चालवणार कोण?"

खाटेवरून उत्तर आलं. "ही."

"ही म्हंजे? वैनी?"

"व्हय."

"लोक काय म्हणतील, दादा?"

"लोकांचं तुम्हीच सांगताय की, भाऊजी," मी म्हणाले. "बाकी कुणी अजून तोंडावर काही बोललेलं नाही."

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागला. ट्रॅकवर नाव नोंदवलं तेव्हा पुढचा प्रश्न आला, तो मिस्टरांना न्यायचं कसं. त्यांना तासाभराहून जास्त बसवत नाही. आडवं व्हायला पलंग लागतो, धरायला दांडी असलेला संडास लागतो. त्यांना इथं ठेवून मी एकटीनं जावं, असं दोघातिघांनी सुचवलं. मी तसं जाणार नव्हते. म्हणून एक जुनी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, छोटा ओटा आणि संडास बसवून घेतला, मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. आता त्या बसमागून गाडी न्यायला ट्रेलर हवा होता, आणि तोही बंद.

बंद का, ते सांगते. पूर्वी आम्ही गाडी भाड्याच्या उघड्या ट्रकवर न्यायचो. एकदा ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या चाकाखालून खडा उडाला आणि पुढची काच गेली. दुसरी काच यायला सात महिने लागले. शिवाय ढाब्यावर थांबलं की माणसं ट्रकवर चढून गाडीत बसायची, फोटो काढायची. एकदा एक जण सीटवर बसून भेळ खात होता. दिरांना बंद ट्रेलरचं पटलं, पण वेगळ्या कारणानं. "झाकून न्या," ते म्हणाले. "निदान गावाला दिसणार न्हाय."

पहिला ट्रेलर पुण्यात पाहिला, तयार. दिसायला फार सुंदर. मी टेप लावला. गाडी आत घातल्यावर दोन्ही बाजूंना एक-एक वीत जागा उरत होती, म्हणजे गाडीचं दार उघडणार नाही. मग चालवणाऱ्यानं बाहेर कसं यायचं, असं मी विचारलं. विकणारा म्हणाला, खिडकीतून. मी त्याला माझं वय सांगितलं आणि परत आले.

दुसरा जयसिंगपूरला, जुना, लग्नाच्या साउंड सिस्टिमसाठी केलेला. त्याची जमीन उंच, त्यामुळे चढायची फळी उभी. आमच्या गाडीचं पोट रस्त्यापासून चार बोटांवर आहे. मी गाडीच्या नाकाच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून नेला होता. तो फळीवर ठेवून पुढं सरकवला तर फळीतच रुतला. मालक म्हणाला, "गाडीला घासंल थोडं, पर चढंल." मी म्हटलं, चढेल, पण नाक खाली राहील.

शेवटी करूनच घ्यायचं ठरलं. कोल्हापुरात ज्याला मनासारखं मिळत नाही, तो करून घेतो. कसबा बावड्याच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधणारे. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. आतून सोळा फूट, गाडीच्या दारासमोर ट्रेलरला छोटं दार, पुढं दोन फूट हत्यारांचं कपाट, रिकामं वजन आठशे किलोच्या आत.

"साहेबास्नी दावलं काय ह्ये?"

"साहेबांनीच काढलंय असं समजा."

"वैनी, माझ्या ट्रॉल्या दहा टन ऊस नेत्यात. आठशे किलोत काय हुतंय?"

"यात ऊस भरायचा नाही, मिस्त्री."

पत्रा आणि चॅनल त्यांनी माझ्या मापाचे वापरले, कुरकुरत का होईना. चुकलं ते एकाच ठिकाणी. कागदावर मी चाकांची जागा मध्यापासून दीड फूट मागे दाखवली होती. त्यांनी चाकं बरोब्बर मधोमध बसवली.

ही चूक उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्याच्याच हातून व्हावी अशी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पुढं दोन आणि मागं दोन चाकं असतात. सगळं ओझं ती चाकं घेतात, हूक नुसता ओढतो. मिस्त्रींच्या चाळीस वर्षांत हुकावर कधी वजन आलेलंच नव्हतं. आमच्या ट्रेलरची चारही चाकं जवळजवळ, एका जागी. अशा ट्रेलरचा दांडा एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शानं तरी पुढच्या गाडीवर दाबून बसावा लागतो. तो हलका राहिला की वेगात ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं, आणि मग ते पुढच्या गाडीलाही सोबत घेऊन जातं. पुढच्या गाडीत माझे मिस्टर झोपलेले असणार होते, आणि त्यांचा उजवा हात काही धरू शकत नाही. माझ्या दृष्टीनं प्रश्न एवढाच होता. बाकी सगळा रंगाचा आणि कड्याकोयंड्यांचा होता.

"मधोमध हाय म्हंजे तोल हाय," मिस्त्री म्हणाले.

नऊ दिवस मी त्यांना टक्के सांगत होते आणि नऊ दिवस ते मला तोल सांगत होते. दहाव्या दिवशी मी दिरांकडे त्यांचा काटा मागितला, ज्यावर तीस-तीस किलोचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलतात तो. दिरांनी दिला, पण दुसऱ्याच्या हाती सोडवेना म्हणून स्वतःच टेम्पोत घालून आले.

"दादाला मागं झोपवून ह्ये ओढत नेणार. काय झालं म्हंजे, वैनी? जबाबदार कोण?"

"मी. म्हणून तर मोजतेय."

गळिताचा हंगाम होता. कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग मिस्त्रींच्या दारावरूनच लागलेली. आम्ही ट्रेलरचा दांडा काट्यावर टेकवला. रिकाम्या ट्रेलरचा आकडा आला साठ.

"बघा," मिस्त्री म्हणाले. "हाय की वजन."

मागच्या टोकाखाली टेकू देऊन मी गाडी फळीवरून आत घेतली, मग मिस्त्रींनी टेकू हळूहळू काढला. आत बसलेली असल्यामुळे आकडा मला दिसत नव्हता, दीर मोठ्यानं वाचत होते. "साठ. सत्तर. साठ. चाळीस. वैनी, पंधरा. शून्य." मी छोट्या दारातून उतरून पुढं आले. मागच्या इंजिनाचं ओझं चाकांच्या मागं पडून दांडा काट्यापासून दोन बोटं वर उचलला गेला होता.

मिस्त्री दांड्यावर जाऊन बसले. दांडा खाली आला. दिरांनी वाकून आकडा वाचला. "पासष्ट."

"आता झालं न्हवं?" मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही ट्रॅकपर्यंत असेच बसून येणार काय?" मी विचारलं.

दीर हसले. झटक्यानंतर दोन वर्षांत मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

मिस्त्री उठले नाहीत. म्हणाले, पुढं दोन पोती सिमेंट टाका. ते पटलं नाही तर गाडी उलटी घाला, इंजिन पुढं येईल. उलटं घालायचं गणित मी आधीच केलेलं होतं. तसं केलं तर दांड्यावर नव्वद किलो येतं. ट्रेलर आणि गाडी मिळून सतराशे ऐंशी, म्हणजे लागतात कमीत कमी एकशे अठ्ठ्याहत्तर. नव्वद म्हणजे निम्मंच, वर छोटं दार भलत्या बाजूला येतं. मी हे सांगत होते तोवर रांगेतला एक म्हातारा गाडीवान बैल सोडून आमच्यापाशी येऊन उभा राहिला होता. त्यानं दांड्यावर बसलेल्या मिस्त्रींकडे पाहिलं, मग मागं वाकून ट्रेलरची चाकं पाहिली.

"उलाळ हाय की रं ही," तो म्हणाला. "उठ बघू तू."

मिस्त्री उठले. दांडा पुन्हा वर गेला.

बैलगाडीत ऊस मागं जास्त भरला की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि गाडी मागं कलते. त्यालाच गाडी उलाळ होणं म्हणतात. इथं ऊस भरणाऱ्या कुठल्याही माणसाला ते शिकवावं लागत नाही. मिस्त्रींनी तो वर गेलेला दांडा हातानं दाबून पाहिला.

"पावणं बोलले तवा कळलं," ते मला म्हणाले. "तुमी ह्येच सांगत हुता व्हय?"

"नऊ दिवस."

"मग उलाळ म्हणायचं की सरळ. टक्के कशाला सांगत बसला?"

माझं चुकलंच असेल. पण गाडीवान आला नसता तरी मी तो ट्रेलर तसा उचलणार नव्हते.

चाकांची जोडणी कापून ती दीड फूट मागं घ्यायला सहा दिवस लागले. पुन्हा काटा आला, काट्याबरोबर पुन्हा दीर आले. गाडी आत घातली आणि ते वाचत गेले. शेवटचा आकडा एकशे नव्वद. त्यांनी स्वतः गाडी बाहेर काढायला लावून, पुन्हा घालायला लावून परत वाचला. एकशे नव्वद. गूळ तोलतानाही ते दोनदा वाचतात.

"रंग कुठला?" मिस्त्रींनी विचारलं. दीर पांढरा म्हणाले, म्हणजे दुधाचा टेम्पो वाटेल. घरी मी मिस्टरांना विचारलं. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला, पण तो त्यांनी पुरा उच्चारला. "पिवळा." ट्रेलर गाडीहून पिवळा झाला. आमच्या गल्लीतून तो वळवताना चार गच्च्यांवर माणसं आली होती. मी काच खाली केलेलीच ठेवली.

आम्ही मार्चमध्ये निघालो. दीर निरोप द्यायला आले, बसच्या खाली वाकून हूक हलवून पाहिला आणि म्हणाले, "काटा मोकळा झाला न्हवं आता?" मी म्हणाले, परत आल्यावर पुन्हा मोजायचंय. ते नाही म्हणाले नाहीत.

निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट लागतो. उतारावर ट्रेलर ढकलतो, आणि मोठा ट्रक शेजारून गेला की वारा त्याला ओढतो. हलायचा असता तर तिथंच हलला असता. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि मागून काही आवाज येतो का ते ऐकत होते. एक ट्रक गेला. आरशातली पिवळी भिंत सरळ राहिली. मग दुसरा गेला, मग एक बस. भिंत सरळच.

उतार संपल्यावर मी बाजूला थांबले आणि मागं गेले. ओट्यावरचं पाण्याचं भांडं जागचं हललं नव्हतं. मिस्टर उशीला टेकून बसले होते. डाव्या हातात माझं स्टॉपवॉच होतं. कधी घेतलं होतं कुणास ठाऊक.

"किती?" मी विचारलं.

"सहा... मिनिटं. चाळीस." मग श्वास घेऊन, "नऊ गाड्या... पुढं गेल्या."

"मोजल्यात?"

"व्हय." तोंडाच्या डाव्या बाजूनं ते हसले. "ट्रॅकवर... अशी... चालवू नको."

मी भांड्यातलं पाणी त्यांना पाजलं, वहीत वेळ लिहिली आणि पुन्हा पुढं जाऊन बसले.