शंकेचा फायदा

ऐंशीच्या दशकातली माझी सगळी उमेदीची वर्षं बेसबॉलच्या दुय्यम लीगमध्ये अंपायरिंग करण्यात गेली. गेली म्हणजे वायाच गेली, उगाच गोड शब्दांत कशाला सांगू? मोटेलची कळकट खोली, जोडीदार अंपायरबरोबर तासन् तास ड्राइव्ह करणं आणि पोहोचल्यावर गावभरच्या शिव्या. हे सगळं सोसायचं ते एकाच आशेवर, की एक दिवस वरच्या लीगमध्ये बोलावणं येईल. काही वर्षांत आलं नाही, तर नारळ मिळतो.

हे वेड मला बाबांमुळे लागलं. अमेरिकेत पिस्कॅटवेला इंजिनियर असलेले माझे बाबा उन्हाळ्यात दर रविवारी मराठी मंडळींच्या क्रिकेटला पंच म्हणून उभे राहत. लॅबमधला जुना पांढरा कोट घालून. "शंका आली की फायदा बॅट्समनचा," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. बेसबॉलमध्ये मात्र असा फायदा कोणालाच नसतो. तिथे अंपायरला शंका येतच नाही, आली तरी ती चेहऱ्यावर दिसता कामा नये. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

माझा धंदा बाबांना पसंत नव्हता. कोणी विचारलं तर "स्पोर्ट्समध्ये आहे" एवढंच सांगून ते विषय बदलत. आठव्या मोसमात मात्र ते अचानक मॅचला आले. त्या गावात आईची एक मैत्रीण राहायची, तिच्याकडे उतरले. नेमके त्याच दिवशी आमचे वरिष्ठही वही घेऊन स्टँडमध्ये बसले होते. वर एक जागा रिकामी होणार होती आणि माझं नाव चर्चेत होतं.

सातव्या डावात दुसऱ्या बेसवर फिल्डरने चेंडू घेतला. पाय बेसवर, रनर अजून दोन पावलं लांब. मी मूठ उगारली, आऊट! तेवढ्यात चेंडू जमिनीवर दिसला. फिल्डरने तो नीट पकडला होता आणि पुढे फेकायला काढताना पडला, तर आऊट. मुळात पकडलाच नव्हता, तर नॉट आऊट. पाहुण्या टीमचा मॅनेजर ओरडत माझ्या अंगावर धावून आला. अशा वेळी छाती पुढे काढून उभं राहायचं असतं. मी वर बघितलं. बाबा कपाळावर हात धरून उन्हातून माझ्याकडेच बघत होते. आणि मला शंका आली.

मी निर्णय फिरवला. जोडीदाराला विचारलंसुद्धा नाही. मग दुसरा मॅनेजर धावून आला, त्याला मी मैदानाबाहेर काढलं. पब्लिकने पेपर कप फेकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅचनंतर बाबांनी पार्किंगमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चूक कबूल करायला धैर्य लागतं. आज बरं वाटलं मला." आठ वर्षांत पहिल्यांदा. त्या वाक्यावर मी उरलेला मोसम काढला.

शरद ऋतूत फोन आला. वरिष्ठ फार बोलले नाहीत. जो स्वतःचाच निर्णय फिरवतो त्याला वर नेता येत नाही, म्हणाले. मी घरी आलो आणि दिवसचे दिवस बाबांच्या सोफ्यावर पडून राहिलो. जगावंसं वाटत नव्हतं. तरी मनाच्या तळाशी एवढं होतं, की नोकरी गेली पण निर्णय खरा दिला.

एका दुपारी टीव्हीखालच्या कपाटात एक व्हिडिओ टेप सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'चिरंजीवांची मॅच'. आईच्या मैत्रिणीने लोकल चॅनलवरून रेकॉर्ड करून दिलेली. मी लावली तर ती सातव्या डावावरच थांबवलेली होती. चेंडू ग्लोव्हमध्ये, पाय बेसवर. मग हात ग्लोव्हमध्ये जातो, चेंडू बाहेर येतो आणि तेव्हा कुठे पडतो. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आऊट. माझी पहिली मूठ बरोबर होती.

बाबा दारात उभे होते.

"कधी बघितलीत?"

"त्याच आठवड्यात."

"मग मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"शंका होती रे," ते म्हणाले. "फायदा तुला दिला."

टेपमध्ये शंकेला जागाच नव्हती.