माझ्याशिवाय माझी मिरवणूक

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. मंगळवार पेठेत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली माणसं सांगताना मीठमसाला लावतात. खरी गोष्ट माझ्याकडून ऐका. ती जास्त वाईट आहे.

तर, मी इंटर्नशिपसाठी डेन्मार्कला निघाले होते. तिथल्या एका प्रयोगशाळेत नदीच्या पाण्यावर काम करायचं होतं. पाचवीपासून मी घराबाहेर, आणि त्याआधीची दिवाळी दरवर्षी आजोळी. आधी डोंगरातलं वसतिगृह, मग दिल्लीचं कॉलेज. इतक्या वर्षांत दिवाळीला कोल्हापुरात यायला कधी जमलंच नाही. यंदा जमलं. भाऊबीज झाली की निघायचं, असं ठरलेलं.

आता माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. फ्लेक्स या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची नवी गाडी, की लगेच चौकात प्लॅस्टिकचं पडवळ लोंबलं. चार दिवसांनी ते कुठं जातं? नाल्यात. नाला कुठं जातो? पंचगंगेत. आणि ती नदी साफ कशी करायची हे शिकायला मी जायचं डेन्मार्कला! म्हणून आईला बजावून सांगितलं होतं, माझ्या जाण्याचा गाजावाजा नको, कुणाला सांगू नकोस.

आईनं कुणालाही सांगितलं नाही. फक्त दूध आणायला गेली तेव्हा दत्तूकाकांना सांगितलं.

दत्तूकाका म्हणजे आमच्या शेजारचे. मागच्या बोळात त्यांचा गोठा. त्यांना एखादी गोष्ट सांगणं आणि देवळातल्या भोंग्यावरून सांगणं यात फरक एवढाच, की भोंगा मधेमधे बंद असतो.

दिवाळीच्या आधी मी फोटो काढायला संजूदादाच्या स्टुडिओत गेले. तिकडच्या ओळखपत्राला फोटो लागणार होते. नियम कडक. दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागं पांढरा पडदा, आणि हसायचं नाही.

"अजून जरा रागात बघ," संजूदादा म्हणाला.

"हा माझा नेहमीचा चेहरा आहे."

"मग झालं की."

फोटो निघाले. त्यातला एक त्यानं बाजूला ठेवला.

"ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. गल्लीचा फ्लेक्स करालोय. पाडव्याला मिरवणूक हाय न्हवं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "माझा फोटो? फ्लेक्सवर?"

"मग? परदेशाला चाललीस. तुझा फोटो नसून कसं चालंल?"

"मला कुणी विचारलं का?"

"दत्तूकाकांनी सांगितलंय. त्यांच्यापुढं आपण कोण?"

आता तुम्हीच सांगा, याचा दुसरा काही अर्थ निघतो का? मी परदेशी निघालेली, माझा फोटो, गल्लीचा फ्लेक्स आणि पाडव्याला मिरवणूक. मी तरातरा घरी आले. आई चकल्या तळत होती.

"आई, दत्तूकाका मिरवणूक काढतायत!"

"काढू देत की."

"काढू देत? तुला माहीत होतं?"

"अख्ख्या पेठेला माहीत आहे. हौशी माणूस आहे, त्याच्या हौसेत तू कशाला मधे पडतेस? तो झाऱ्या दे इकडं."

म्हणे, तू कशाला मधे पडतेस? माझीच मिरवणूक, आणि मी मधे पडायचं नाही! मी झाऱ्या दिला आणि तडक दत्तूकाकांकडं गेले.

त्यांच्या सोप्यात सगळी तयारी मांडून ठेवलेली. गुलालाची पोती. भगव्या फेट्यांचं कापड. झेंडूचा एक हार तर इतका लांब, की माझ्या गळ्यात दोनदा फिरवूनही जमिनीवर लोळला असता. मोरपिसांचा तुरा होता. तो माझ्या फेट्याला असणार, हे मी ओळखलं. कवड्यांची माळ होती. म्हणजे आधी अंबाबाईचं दर्शन, मग मिरवणूक, असा एकूण बेत दिसत होता. काळ्या तेलाची एक बाटलीही होती. ती कशासाठी ते मला कळलं नाही, पण त्यावर मी फार विचार केला नाही. करायला हवा होता.

दत्तूकाका पाटावर बसून कवड्या पुसत होते.

"काका, मला हे पटत नाही. ही मिरवणूक रद्द करा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "का गं बाळ? काय झालं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे. हा आवाज, हा गुलाल, हे प्लॅस्टिक. मी यायची नाही."

काकांनी हातातली कवडी खाली ठेवली. म्हणाले, "आलीस तर बरं वाटंल बघ. एवढा एकच पाडवा हाय. म्होरल्या वर्षी कोण हाय न् कोण न्हाई. पर तू न्हाई आलीस म्हणून मिरवणूक थांबायची न्हाई."

ऐकलंत? माझ्याशिवाय माझी मिरवणूक! मी नसले तरी हलगी वाजणार, गुलाल उडणार. मग मिरवणार कुणाला, माझ्या फोटोला? लोकांच्या हौसेपुढं माणसाला काही किंमतच नाही का? त्या रात्री मी भाषण तयार केलं. नाही म्हणायचं तर सगळ्यांसमोर, माईकवरून म्हणायचं.

पाडव्याला दुपारी चौक फुलून गेला. हलगी कडाडत होती. फ्लेक्स सकाळीच लागला होता, पण निषेध म्हणून मी त्याच्याकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले. माईक संजूदादाच्या हातात. फोटो तोच काढणार, फ्लेक्स तोच करणार, आणि निवेदनही तोच करणार.

"मंडळी, ज्या क्षणाची आपण वाट बघालोय," त्यानं सुरुवात केली, आणि मी त्याच्या हातातला माईक घेतला.

"नमस्कार. मी या सत्काराचा नम्रपणे अस्वीकार करते."

हलगी थांबली. माझा हुरूप वाढला.

"मी अजून काहीही केलेलं नाही. परदेशी जाणं हे कर्तृत्व नाही. हा हार मला नको, हा तुरा मला नको. उद्या कुणी गेली तर तिला अशी गुलालात न्हाऊ घालू नका. तिला शांतपणे जाऊ द्या."

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी मधोमध फाकली, आणि त्या वाटेनं चांदणी आली.

चांदणी ही दत्तूकाकांची म्हैस.

काळीभोर, तेल लावून आरशासारखी चमकणारी. शिंगं रंगवलेली, शिंगांमध्ये मोरपिसांचा तुरा. गळ्यात कवड्यांची माळ आणि तो झेंडूचा हार, जो तिला अगदी मापात बसला होता. शेजारी मोटारसायकलवर फेटा बांधून दत्तूकाका. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, मालकाच्या गाडीमागं पळवतात, हे शहरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला नव्हतं.

"बाळ," दत्तूकाका हळू म्हणाले, "तुला हार कोण घालालंय?"

मी काही बोलणार, इतक्यात माईक किंचाळला. चांदणी दचकली, दोन पावलं मागं गेली, आणि भर चौकात फतकल मारून बसली.

आता गर्दीचा आवाज झाला. काकांनी हाक मारली, गाडीचा आवाज वाढवला, गोंजारलं. चांदणी उठेना. काकांचा चेहरा पडला. बाजूला उभ्या असलेल्या आईनं माझा दंड धरला आणि कानात म्हणाली, "दिवाळीनंतर गोठा मोडतायत ते. मुलं पुण्याला बोलवतायत. चांदणीचा हा शेवटचा पाडवा आहे, आणि तू तिला भाषण ऐकवतेस?"

मला तिथंच गुलालाच्या पोत्यात शिरावंसं वाटलं. मी काकांपाशी गेले. "काका, काय करू सांगा. काहीही करते."

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग चांदणीकडं. "सरकी पेंड दिसली की उठती ती. पर ती दावत म्होरं कोणतर जायला पायजे. गाडीवर माझ्या मागं बस. उलटी. तिच्याकडं तोंड करून."

बसले. दुसरं काय करणार? कुणीतरी डोक्याला फेटा गुंडाळला, कुणीतरी मांडीवर पेंडीची पाटी ठेवली. गाडी निघाली, मी पाटी पुढं धरली, "ये चांदणे, ये," म्हणाले, आणि चांदणी उठली. उठली ती अशी धावली, की तिच्या नाकातली वाफ माझ्या गुडघ्यांना लागत होती. हलगी कडाडली. गुलाल उडाला, निम्मा तिच्यावर आणि निम्मा माझ्यावर. दत्तूकाका पुढं बघून गाडी चालवत होते आणि सारखे विचारत होते, "येतीय न्हवं? बघ की, येतीय न्हवं?" त्यांना मागं वळता येत नव्हतं. डोळे पुसायला हातही सोडता येत नव्हता.

"येतीय काका. लई झकास येतीय."

पुढच्या पेठेत कुणीतरी ओरडून विचारलं, "फेटेवाली पोरगी कोण रं?"

"ती व्हय? चांदणीच्या वळखीतली हाय."

भाऊबीजेनंतर मी निघाले. रिक्षा चौकातून जात होती, तेव्हा कुठं मी तो फ्लेक्स पाहिला. मधोमध चांदणी, दोन माणसांच्या उंचीची. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्खी गल्ली ओळीनं. कुणी गॉगल घातलेला, कुणी फोन कानाला लावलेला. आई हसतमुख. आणि सगळ्यात शेवटी, अगदी कोपऱ्यात, दोन्ही कान बाहेर काढून, पोलीस शोधत असल्यासारखा चेहरा करून, मी. नावाखाली फक्त 'परदेश'.

मी रिक्षा थांबवली आणि तिथूनच संजूदादाला फोन लावला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"दादा, हे काय केलंस?"

"आता काय झालं? तुला फ्लेक्स पटत न्हाई, माहीत हाय. उतरवतो संध्याकाळी."

"उतरवू नकोस," मी म्हणाले. "पण मला इतकं कोपऱ्यात टाकायचं असतं का? निदान चांदणीच्या शेजारी तरी घ्यायचं की."