रंगाच्या डब्यातली तुळस

माझ्या लेकीच्या लग्नाचं लॉन्स मी ठरवलं, गंगापूर रोडवरची सगळी लॉन्स पालथी घालून. आचारी मी ठरवला. नवरानवरीचे हार तर मी स्वतः गुंफले, कारण मखमलाबादला आमची फुलशेती आहे आणि बाजारातून विकत आणलेला हार माझ्या लेकीच्या गळ्यात पडलेला मला चालला नसता. एवढं सगळं केल्यावर ऐन मुहूर्ताला माझी नणंद मला म्हणाली, "वहिनी, चला आता आत. तुम्ही बघायचं नसतं."

हे मला नवीन नव्हतं. आमच्यात मुलीची आई लग्न लागताना पाहत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं आडोशाला तुळशीपाशी बसायचं आणि लग्न लागेपर्यंत तुळशीला पाणी घालत राहायचं. माझ्या लग्नात माझी आई तशीच बसली होती. ती तिथं नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी अंतरपाट खाली आला तेव्हा समोरच्या नवऱ्याला सोडून मी त्याच्या खांद्यावरून, माणसांच्या गर्दीत आईलाच शोधत होते.

लेकीची तारीख निघाली तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. निशिगंध काढताना तोच विचार, भाकरी थापताना तोच. भेटेल त्याला विचारायचे, का नाही बघायचं आईनं? जाऊबाई म्हणाल्या, आईला रडू आवरत नाही. मग बापाला कसं आवरतं? नणंद म्हणाली, आईची दृष्ट लागते.

"आणि बापाची?"

"बापाची नाही लागत, वहिनी."

"म्हणजे तुमच्या दादांच्या नजरेत दमच नाही म्हणा की."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण मी म्हणते, कन्यादानाला आई लागते ना? लेक देऊन टाकताना हातावर पाणी सोडायला मी चालते, आणि ती कोणाला दिली ते बघायला मी चालत नाही. कुठला न्याय हा?

यजमानांपाशी विषय काढला तर ते म्हणाले, "तुझं खरं आहे गं. पण एका दिवसाचा प्रश्न आहे, राहू दे ना."

"मग दुसऱ्या दिवशी दाखवणार आहात का लग्न?"

ते आमंत्रणाची यादी चाळायला लागले. वाईट माणूस नाही, पण भावकीपुढं त्यांचं तोंड उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर भीती मलाही होती. उद्या लेकीचं सासरी जरा काही बिनसलं, नवराबायकोत साधं भांडण झालं, तरी सगळी बोटं माझ्याकडंच येणार होती, आईनं पाहिलं म्हणून. ते सगळं माझ्या लेकीला ऐकावं लागलं असतं. म्हणून मी कबूल झाले, बसते म्हटलं आत.

फक्त एक हट्ट केला. लॉन्सवाल्यांची तुळस प्लॅस्टिकची होती. फुलांवर पोट असलेल्या माणसांनी प्लॅस्टिकला पाणी घालायचं म्हणजे कमाल झाली. मी आमच्या ओट्यावरची तुळस आणली. ती वाढलेली रंगाच्या रिकाम्या डब्यात, कडीसकट. त्या झगमगाटात तो डबा कसा दिसत होता ते विचारू नका.

तर नणंदेनं मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि ती लगबगीनं मांडवात गेली. अर्थातच, आत्याला बघायला परवानगी असते. खोलीत मी, तुळस आणि सोबतीला माझी आई. तिनं तीन लेकींची लग्नं अशाच खोल्यांमध्ये बसून काढलेली.

खोलीत स्पीकर होता. बाहेर कोण काय म्हणतंय ते सगळं ऐकू येत होतं. एक मंगलाष्टक झालं, गुरुजी "सावधान" म्हणाले, मी तांब्यातून पाणी घातलं. दुसरं झालं, पुन्हा पाणी. बसवेना मला. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बस की गं," आई म्हणाली. "खोलीभर काय फिरती?"

"तू कशी बसलीस तीनदा?"

"बसले. काय करती मग?"

स्पीकरमधून लेकीची मावशी मंगलाष्टक म्हणायला लागली. माझी धाकटी बहीण. ती तिथं, जाऊबाई तिथं, आचाऱ्याची माणसंसुद्धा झारे बाजूला ठेवून तिथं उभी असणार. जिनं पोटात वाढवली, ती बाई इकडं डबा सांभाळत बसलेली. डब्यातून पाणी फरशीवर वाहायला लागलं होतं. इतकं पाणी घातलं तर तुळस कुजते, एवढं शेतकऱ्याच्या पोरीला कळतं. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी कडीला धरून डबा उचलला.

"कुठं चालली?"

"तुळशीला पाणी घालायला."

"इथंच घाल ना."

"इथं ऊन नाही तिला."

आई मला अडवेल असं वाटलं होतं. ती खुर्चीतून उठली, पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि माझ्या दुसऱ्या हातात दिला. स्वतः मात्र परत खुर्चीत बसली.

अंगावर पैठणी, एका हातात गळका डबा, दुसऱ्यात तांब्या. लोकांना वाटलं काहीतरी विधी आहे, त्यांनी आपोआप वाट दिली. मी मुद्दाम नवरदेवाच्या मागच्या अंगाला जाऊन उभी राहिले, लेकीचं तोंड दिसावं म्हणून. समोरून यजमानांनी मला पाहिलं आणि फेटा नीट करायच्या निमित्तानं मान खाली घातली. नणंद दातओठ खात जवळ आली.

"वहिनी, अहो काय चाललंय हे?"

"पाणी घालतेय, ताई," मी म्हटलं आणि घालायला लागले, बारीक धार धरून.

शेवटचं "सावधान" झालं. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. लेकीनं हार उचललेला होता. नवरा पुढ्यात उभा, तरी तिची नजर त्याच्या खांद्यावरून गर्दीत फिरत होती. डावीकडं गेली, उजवीकडं आली. मी आत बसणार हे मीच तिला सांगितलं होतं, तरी ती शोधत होती. मग तिला मी दिसले. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि हार घातला.

मी डबा घेऊन खोलीत परत आले. बाहेर आता काय काय बोललं जात असेल त्याचा अंदाज होता, आणि ते ऐकायची माझी तयारी होती. आई तशीच बसलेली.

"पाहिलं?" तिनं विचारलं.

"पाहिलं."

तिनं माझ्या हातातला डबा घेऊन स्वतःपुढं ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "लोकांच्या पोरी लय पाहिल्या मी. भाच्या पाहिल्या, पुतण्या पाहिल्या. आपली पोटची नाय पाहिली कधी. अंतरपाट सरला की आपली पोरगी कुठं बघती गं?"

आयुष्यात मी कोणाला तोंडावर बोलायला कमी केलेलं नाही. उत्तर मला माहीत होतं, दोन्हीकडून. तिच्या तीन लेकींपैकी एक तर मीच.

"नवऱ्याकडं," मी म्हटलं. "आणखी कुठं बघणार?"

"हां, मग बरं हाय," आई म्हणाली, आणि पदरानं डब्याला लागलेला चिखल पुसायला लागली.