पेशंटच्या जागेवर

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की फाटकातून इस्पितळ दिसतच नव्हतं, नुसते खिडक्यांचे पिवळे डाग दिसत होते. नळाचं पाणी हाताला चावत होतं. थोरलीने बायकांच्या वॉर्डातल्या मोरीत बादली भरली, त्यात किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, कोपर बुडवून बघितलं आणि ती खिडकीजवळच्या आजींच्या खाटेपाशी आली. आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. हात लावण्याआधी थोरली आपले दोन्ही पंजे काखेत दाबून उभी राहिली.

"काय गं, थंडी वाजते? एवढं अंग असून?" आजी म्हणाल्या.

"मला नाही वाजत. तुम्हाला वाजू नये म्हणून हात गरम करते."

"कर बाई. काल ती तुमच्यातली काडीसारखी पोरगी आली होती, तिनं मला चादरीसकट फरफटवलं. पोतं समजली की काय!"

"आता माझ्याकडे झुका. गुडघा मी धरलाय. हं, आलात."

आजी कुशीवर आल्या. थोरलीने पाठीमागे उशी लावली, पाठ पुसली, चादरीच्या सुरकुत्या ओढून काढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही सकाळपासून ती तेच करत होती. अकराला नर्सिंगच्या शाळेचं प्रॅक्टिकल होतं. पेशंटला खाटेवरून व्हीलचेअरवर बसवायचं, एवढंच. त्यात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली की शाळेतून नाव कमी. नियम होता तसा, आणि तो सगळ्यांना सारखा होता.

थोरली म्हणजे शिंप्याची थोरली मुलगी. घरात तिला या नावानेच हाक मारायचे. नर्सिंगच्या शाळेत तिला 'गादी' म्हणायचे. हे नाव ठेवलं कात्रीने. कात्रीला कात्री म्हणायचे ते तिच्या जिभेमुळे. हडकुळी, चुणचुणीत पोरगी, मनाने वाईट नव्हती, पण तोंडात आलेला शब्द गिळणं तिला जमायचं नाही. पहिल्याच आठवड्यात थोरलीकडे बघून ती म्हणाली होती, "हिच्यावर पडलं की मस्त झोप लागेल." वर्ग हसला. थोरलीही हसली. जाड माणसाला आधी स्वतः हसून घ्यावं लागतं, ते तिला लहानपणापासून पाठ होतं.

पण गादी हे नाव पुढे फार खरं ठरलं, आणि त्याला कारणीभूत झाली एक बाहुली. सरावाच्या खोलीत माणसाएवढी रबरी बाहुली होती. तिचा उजवा पाय खुब्यातून निखळायचा. उचलायला जावं तर पाय हातात आणि बाहुली जमिनीवर. मग मॅडमनी, म्हणजे शिकवणाऱ्या सिस्टरबाईंनी, तोडगा काढला.

"गादे, तू झोप खाटेवर. तुला उचलता आलं की पोरींना जगातला कुठलाही पेशंट उचलता येईल."

एका दिवसापुरतं म्हणून ती झोपली. मग वर्षभर झोपली. बाकीच्या पोरी पाळीपाळीने तिला उठवायला, वळवायला, बसवायला शिकल्या. हळूहळू त्यांच्यात एक खूण ठरली. उचलणारी तिच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक करायची. मग मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणायची. आणि 'तीन'ला थोरली मान पुढे टाकून, पायांत जोर घेऊन, आपली आपणच उठायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय उचललं पोरीने! मॅडमनाही वाटायचं. थोरलीला वाटायचं, चला, कुणाला तरी आपला उपयोग आहे.

तिची उचलण्याची पाळी क्वचित यायची. तास संपत आलेला असायचा. "तुला काय, तुझ्यात ताकद आहे," म्हणून मॅडम पुढे जायच्या.

पहिल्या परीक्षेत खाटेवर कात्री होती आणि उचलायला थोरली. तिने "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि 'तीन'ला वर्षभराच्या सवयीने तिचीच मान पुढे गेली. उचलणाऱ्याने मागे झुकायचं असतं. ती पेशंटसारखी पुढे झुकली. कपाळ कात्रीच्या नाकावर बसलं, दोघी खाटेवर पडल्या, खाली कात्री, वर थोरली. "मेले, मेले, क्रेन बोलवा!" कात्री ओरडली, आणि तेव्हाचे परीक्षकसुद्धा तोंडावर कागद धरून हसले.

त्यानंतर तिला सराव करायला कुणी अंग देईना. "नको बाई, माझ्या घरचे वाट बघतात," कात्री म्हणाली. बाकीच्यांनी तेवढंही बोलायची तसदी घेतली नाही.

थोरलीने जेवण तोडलं. काकडी आणि बिनसाखरेचा चहा. आई ताट वाढून समोर बसायची, ती पाणी पिऊन उठायची. वजनाचा काटा होता तिथेच राहिला; वॉर्डात मात्र उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. त्यातच तिच्या वाट्याला बाह्यरुग्ण विभागात 'वजन आटोक्यात ठेवा' या विषयावर बोलायचं काम आलं. हातात तक्ता धरून ती उभी राहिली तेव्हा रांगेतला एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, "तक्त्याची काय गरज होती? नुसती उभी राहिली असती तरी कळलं असतं." तिने तक्ता जरा वर धरला, तोंड झाकेल इतका, आणि उरलेलं सगळं तक्त्याआडून सांगितलं.

गणवेश बाप शिवायचा. बाजूच्या शिवणीत तो माया जास्त ठेवायचा, म्हणजे पुढे उसवून सैल करता यावं. दोन वर्षांत ती सगळी उसवून झाली होती. आता काखेखाली वेगळ्या कापडाच्या पट्ट्या होत्या. पांढऱ्याला पांढरीच, पण धुतल्यावर त्या जरा पिवळ्या दिसायच्या. बाप तिला कधी "बारीक हो" म्हणाला नाही. माप घेताना आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायचा, एवढंच.

त्यानेच एका संध्याकाळी मशीनवरून उठून म्हटलं, "मला उचल."

"तुम्हाला?"

"मग काय आईला उचलतेस? चल. हा पलंग, ही खुर्ची."

खुर्ची प्लास्टिकची, चार पायांची. बापाचा एक गुडघा वर्षानुवर्षं मशीन मारून आखडलेला, त्यामुळे पेशंट म्हणून तो खरोखरच चांगला होता. पहिल्या दिवशी दोघांची कपाळं आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"अगं, कापडाचा तागा आहे का मी? हळू!"

"बापाची कंबर मोडली तर मशीन तू चालवणार आहेस का?" आई आतून म्हणाली.

धाकटी बहीण हसून हसून पलंगाखाली जायची बाकी होती. पण बापाचे डोळे मापाचे. चौथ्या-पाचव्या वेळी तो म्हणाला, "तू 'तीन' म्हटलंस की तुझी मान पुढे येते. 'एक दोन'ला ठीक आहेस. तीन म्हणूच नकोस."

"मग काय म्हणू?"

"मला काय म्हणतेस रोज, दुकान बंद करताना?"

"चला, बाबा."

"मग तेच म्हण."

आणि जमलं. 'एक, दोन, चला' म्हटलं की मान जागेवर राहायची, वजन मागच्या पायावर जायचं आणि बाप अलगद वळून खुर्चीत बसायचा. रोज रात्रीच्या जेवणाआधी ती त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर करायची. शेवटी शेवटी तो खुर्चीत बसला की डोळे मिटून म्हणायचा, "आता चहा आणा सिस्टर."

आता फक्त एक व्हायला हवं होतं. आज तिने पेशंट व्हायला नको होतं. सकाळभर झोपून 'तीन'ला उठत राहिली की महिनाभराचं शिकलेलं अंगातून निघून जाईल, ही तिला धास्ती होती. आजींची पाठ पुसून झाल्यावर तिने मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, आज मला पेशंट नका करू ना."

"का? बरं नाही?"

"बरं आहे. पण झोपले की अंगाला तीच सवय लागते. मग माझ्या वेळेला..."

"अगं, बाहेरचे परीक्षक आलेत. त्यांच्यासमोर बाहुलीचा पाय हातात घेऊन उभी राहू का मी?"

"दुसरी कुणी झोपली तर?"

"काडीसारखी पोरगी उचलून दाखवली तर त्यात परीक्षा कसली? पोरींनी तुझ्यावर सराव केलाय. आज तू नाही म्हणालीस तर सगळ्यांचं बिघडेल." मॅडमनी तिच्या दंडावर हात ठेवला. "तुझा नंबर शेवटी ठेवते. तोवर पडून आराम कर."

मॅडमना खरंच वाटत होतं की त्या तिच्यावर मेहरबानी करताहेत. थोरलीच्या तोंडात 'नाही' आलं होतं. ते तिने गिळलं. तिला सगळं गिळायची सवय होती, फक्त जेवणच सुटलं होतं.

ती झोपली. एकेक पोरगी आली, टकटक केली, "एक, दोन, तीन" म्हणाली, आणि ती उठली. उठताना प्रत्येक वेळी ती मनात 'चला' म्हणत होती, पण मान काही ऐकत नव्हती. 'तीन' कानावर पडलं की पुढे. काखेतली पट्टी उसवल्याचा बारीक आवाज तिला ऐकू आला.

कात्री आली. खाली वाकून कुजबुजली, "गादे, साथ दे हं. नाक अजून दुखतंय माझं, त्याची भरपाई समज."

थोरलीने साथ दिली. परीक्षकांनी, एका टक्कल पडलेल्या शांत माणसाने, चष्मा वर केला. "वा! एवढं वजन आणि किती अलगद."

"सराव आहे सर," कात्री म्हणाली.

मग शेवटी थोरलीचा नंबर. खाटेवर कात्री. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि एक हात नाकावर धरला होता. वर्गात खुसखुस झाली.

"हात खाली घे," थोरली हळूच म्हणाली. "नाही पडणार मी."

"देवाशपथ?"

"बाबांशपथ."

तिने कात्रीला काठावर बसवलं, पावलं जमिनीला टेकवली, गुडघ्याला गुडघा लावला, काखेतून हात घातले. "मी आता तुला उठवते," तिने सांगितलं. "एक. दोन." खोलीत सगळे 'तीन'ची वाट बघत होते. तिच्या कानात मशीनची टकटक झाली. "चला."

मान जागेवर राहिली. वजन मागे गेलं. कात्री उठली, वळली, पिसासारखी वळली, आणि थोरलीच्या छातीत काहीतरी एकदम मोकळं झालं. तिने कात्रीला खुर्चीत सोडलं.

खुर्ची मागे सरकली.

घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला ब्रेक नसतात. महिनाभर तिने बापाला ज्या खुर्चीत बसवलं तिला चाकंच नव्हती. कात्री अधांतरी खाली जायला लागली, आणि थोरलीने विचार न करता एक गुडघा टेकून आपली मांडी तिच्याखाली घातली, दोन्ही हातांनी तिला छातीशी आवळलं. कात्री तिच्या मांडीवर बसली. खुर्ची मागे जाऊन भिंतीला टेकली. कुणी हसलं नाही.

"ब्रेक?" परीक्षकांनी विचारलं.

"विसरले सर."

"मला काही झालं नाही हं सर," कात्री मांडीवरूनच म्हणाली. "हिनं धरलं मला. दुसरी कुणी असती तर आपटलेच असते."

"धरलं, ते दिसलं मला. पण ब्रेक लावला असता तर धरावं लागलं नसतं." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "ब्रेक लावायचा राहिला की नापास, पुढचं तपासायचं नाही, असं आहे. माझ्या हातात नाही."

थोरलीला उठता येईना. टेकलेल्या गुडघ्यात कळ आली होती. उठवायला हात दिला कात्रीनेच. दोघींच्या ओढण्यात काखेतली पट्टी पूर्ण उसवली.

व्हरांड्यात मॅडम आल्या. धुकं कधीच निवळलं होतं. "आया म्हणून अर्ज कर," त्या म्हणाल्या. "मी चांगलं लिहून देईन. तुझ्यासारखी मायाळू मुलगी..." त्यांनी घड्याळ बघितलं. "आजची ड्यूटी मात्र पूर्ण कर हं. वॉर्डात माणूस कमी आहे."

बापाचा फोन आला तेव्हा ती मोरीपाशी उभी होती.

"काय गं? बसवलंस का खुर्चीत?"

"बसवलं."

"मान?"

"मान नाही आली पुढे, बाबा."

"मग! मी काय सांगत होतो!" तो तिकडे आईला ओरडून सांगायला लागला. मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. "ये लवकर. आज पोटभर जेव बाई, आता कसली परीक्षा."

"बाबा," ती म्हणाली. पण मशीनपुढे त्याला ऐकू गेलं नाही. त्याने फोन ठेवला.

नळ उघडून तिने तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. तरी डोळ्यांतलं थांबेना. मग वॉर्डातून हाक आली.

"अगं पोरी, भांडं दे लवकर! किती वेळ दम धरू?"

"आले आजी."

तिने फळीवरून शौचाचं भांडं काढलं. लोखंडी, थंडगार. किटलीतलं गरम पाणी त्यावर ओतलं, बूड हाताला कोमट लागेपर्यंत फिरवलं, पुसलं. पिन लावून काख सावरली. खाटेपाशी आल्यावर तिने वाकून चाकाचा ब्रेक बघितला. लावलेला होता. तरी तिने पायाने तो पुन्हा दाबला, आणि आजींच्या कमरेखाली हात घातला.

"जरा उचला हं," ती म्हणाली.