नऊ वाजता न वाजलेला फोन

सेवेतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या ठाण्याचा कुठला गुन्हा, हे सांगायला कागद लागतो. नेरूळच्या त्या मृत्यूसाठी मात्र मला कागद लागत नाही. त्यात टोळी नव्हती, हत्यार नव्हते, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. त्यातली माणसे हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

मी तेव्हा तिथे पोलीस निरीक्षक, गुन्हे. बुधवारी सकाळची हजेरी संपत आली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. एका सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ दार उघडत नव्हते आणि दाराशी दुधाच्या तीन पिशव्या पडून होत्या.

"तीन दिवस कोणी बघितलं नाही?" मी विचारले.

"वाटलं, गावाला गेले असतील, साहेब."

दाराला ओढले की लागणारे कुलूप होते. सुताराकडून ते उघडून घेतले. गृहस्थ न्हाणीघराच्या दाराशी पडलेले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला मागून जखम. घरातली एकही वस्तू हललेली नव्हती. हॉलमधल्या टेबलावर त्यांचा मोबाईल चालू अवस्थेत होता. त्यावर फक्त दोन न उचललेले कॉल होते, दोन्ही मंगळवारचे, दोन्ही घरकामाच्या बाईचे. तीन दिवसांत दुसऱ्या कोणाला त्यांची आठवण झाली नव्हती.

पंचनामा केला, फोन मुद्देमालात जमा केला आणि अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी सांगितले की पडून मांडीचे हाड मोडले आहे, डोके आपटले आहे आणि पडल्यानंतर हा माणूस बहुधा सोमवारी दुपारपर्यंत जिवंत होता. पडले होते रविवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळी कोणी आले असते तर वाचले असते का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "शक्यता होती."

शुक्रवारी त्यांची एकुलती एक मुलगी परदेशातून आली. रडून घेतल्यावर तिने स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे ठेवला. मागच्या भेटीत तिने वडिलांच्या फोनमध्ये एक ॲप टाकले होते. रोज सकाळी नऊला ते वाजे आणि 'आज बरे आहात ना?' असे विचारी. पडद्यावरचे हिरवे बटण दाबून धरून बाजूला सरकवायचे, की त्या दिवसाचे काम झाले. दहापर्यंत कोणी बटण सरकवले नाही, तर तेच ॲप मुलीच्या फोनवर मोठ्याने इशारा वाजवणार. सगळे ठीक असेल तर काहीच येणार नाही.

"आठ महिने बाबांनी एक दिवस चुकवला नाही," ती म्हणाली. "ही नोंद बघा. मागच्या शुक्रवारी सकाळी शेवटची. त्याच दिवशी संध्याकाळी ती बाई रजेवर गेली, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं. शनिवारपासून काहीच नोंद नाही आणि इशाराही नाही. तिनेच ते बंद केलं, साहेब."

तिच्या संशयाला दुपारी आधार मिळाला. शेजारचे एक गृहस्थ आपणहून ठाण्यात आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "त्या बाईला जरा नीट विचारा, साहेब. रोज सकाळी काकांचा मोबाईल तिच्याच हातात. गॅलरीतून मी स्वतः बघितलंय. जायच्या दिवशी तर जोरात भांडण झालं. 'मरायचंय का तुम्हाला' असं ओरडत होती. उगाच टेन्शन नको म्हणून मी बोललो नाही."

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, मूळची पाटणकडची. नवरा मार्केटमध्ये माथाडी, इथले घर नावड्याला. लेकीच्या बाळंतपणासाठी ती गावी गेली होती आणि तिथे तिचा फोन लागत नव्हता. गावच्या पोलीस पाटलामार्फत निरोप गेला, तशी ती दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर झाली. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"त्यांचा मोबाईल तुम्ही वापरत होता?"

"न्हाय साहेब. म्या कशाला हात लावू?"

"शेजाऱ्यांनी रोज पाहिलंय."

"न्हाय, म्हणले ना."

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. मुरलेला माणूस पुढच्या प्रश्नाचेही उत्तर आणून ठेवतो. हिच्याकडे एकच उत्तर होते, आणि ते सांगताना ती माझ्याकडे न बघता बाहेर बाकावर बसलेल्या मुलीकडे बघत होती. मला ते खटकले. तरी खोटे ते खोटेच. संध्याकाळ व्हायच्या आत तिला घरी पाठवले आणि सकाळी परत बोलावले.

तेवढ्या वेळात सायबर शाखेतल्या महिला उपनिरीक्षकांनी फोन तपासला होता. त्यांनी एक विचित्र वाक्य सांगितले. "ॲप कोणी बंद केलेलं नाही, सर. ते चालू आहे, पण फोनने झोपवून ठेवलंय."

त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले. बॅटरी दिवसभर पुरते, हे फोन बनवणाऱ्यांना दाखवायचे असते. म्हणून पडद्यामागे चालणारी जी ॲप्स माणूस फारशी वापरत नाही, त्यांना फोन आपणहून गप्प करतो. काही कंपन्यांचे फोन त्यात फारच कडक असतात. एकदा झोपवलेले ॲप कोणी बोट लावून उघडेपर्यंत उठत नाही. या ॲपला झोपवू नकोस असे फोनला सांगता येते, पण त्यासाठी सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरावे लागते. मुलीने ते केलेले नव्हते. कोण करतो?

"पण मग आठ महिने ते रोज कसं चाललं?" मी विचारले.

"तेच कळत नाही, सर."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला बाहेर बसू दिले नाही, चहा प्यायला पाठवले. मग बाईसमोर त्या दोन कॉलची नोंद ठेवली.

"मंगळवारी दोनदा फोन केला होता तुम्ही. कशासाठी?"

तिने कागदाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. मग बोलली. "आमच्या वाडीत रेंज न्हाय. वर देवळाच्या टेकाडावर चढून लावला. लेकीला मुलगी झाली, ते सांगायचं हुतं बाबास्नी. उचलला न्हाय. म्हणलं, रागावलं आसतील."

"राग कशाचा?"

मग सगळे आले. म्हाताऱ्यांचे हात कापत असत. बटण दाबून धरायचे आणि सरकवायचे, हे त्यांना साधत नव्हते. चुकून बोट लागू नये म्हणून ॲप करणाऱ्यांनी ते तसे केले असावे. पहिला आठवडाभर त्यांनी कसेबसे केले, आणि नंतर रोज सकाळी ही बाई बटण सरकवू लागली.

"ताईस्नी सांगू नको म्हणले. हात कापत्यात ह्ये कळलं तर ती मला हितनं उचलील, कुठल्या आश्रमात ठिवंल, म्हणले. मला देवापुढं शपथ घ्याय लावली. म्हणून काल खोटं बोलले."

"आणि भांडण?"

"म्या म्हणलं, ताईस्नी फोन करून सांगा मी सुट्टीवर हाय. त्ये आयकंनात, माझं मी दाबीन म्हणले. मग म्या वरडले. मरायचंय का, म्हणले." एवढे बोलून तिने जीभ चावली. ते शब्द तिला पुन्हा ऐकू आले असावेत.

मी उठणार होतो, तेवढ्यात सहज विचारले, "ते वाजलं की तुम्ही लगेच दाबायचात?"

"वाजायचं कुठं, साहेब? पयल्यांदा वाजायचं. मग आपआपनं वाजायचं बंद झालं. म्या आले की उघडायची, मग त्ये इचारायचं. मला वाटलं तसंच आसतंय."

मी परत खाली बसलो. आठ महिने तो फोन त्या ॲपला झोपवत होता आणि ही बाई नावड्याहून बसने येऊन रोज त्याला उठवत होती. शनिवारी ती आली नाही. ॲप उठले नाही, त्यामुळे प्रश्न विचारला गेला नाही. प्रश्नच नाही म्हटल्यावर उत्तर आले नाही हे कोणाला कळणार? शनिवारी सकाळी म्हातारे स्वतः खाली येऊन भाजी घेऊन गेल्याचे वॉचमनने सांगितले होते. धडधाकट असताना बटण सरकवले गेले नाही, तरीही इशारा वाजला नव्हता. ते माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

पण जबाबावर प्रकरण सोडता येत नाही. आमच्या एका हवालदाराकडे त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा फोन होता. त्यात ते ॲप टाकले, इशाऱ्यासाठी माझा नंबर दिला आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला. पहिले दोन दिवस सकाळी नऊला तो बरोबर वाजला. हवालदाराने बटण सरकवले. तिसऱ्या दिवशी हजेरी आटोपून चारपाच जण टेबलाभोवती उभे राहिले. घड्याळात नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. दहा वाजले, माझ्या फोनवरही काही आले नाही. सायबरच्या मॅडमनी ॲपवर बोट ठेवले. लगेच पडदा उजळला आणि प्रश्न आला, 'आज बरे आहात ना?'

ठाणे अंमलदार पाठ फिरवून स्टेशन डायरी लिहायला गेला.

मुलीला हे सांगायचे काम माझ्यावर आले. बाईने हात जोडले होते, "त्येवढं सांगू नका साहेब, बाबाच दाबत हुते आसं वाटू द्या त्यास्नी." पण अहवालात ते लिहावे लागणार होते, आणि एका निरपराध बाईवरचा संशय दुसऱ्या कशाने पुसला जाणार नव्हता. दोघींना समोर बसवून मी सगळे सांगितले.

मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे नऊ वाजतात तेव्हा माझी झोपायची वेळ असते. सुरुवातीचे काही महिने मी रोज ती नोंद उघडून बघायची. नऊ पाच, नऊ दहा. वाटायचं, आत्ता बाबांचं बोट तिथे होतं. त्यामुळे फोन करायचाही राहून जायचा. आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही. पुढे इशारा येत नाही म्हणजे ठीकच, म्हणून नोंद बघणंही सुटलं." मग ती बाईकडे वळली. "दाबताना ते काही म्हणायचे का?"

बाई मान खाली घालून म्हणाली, "म्हणायचं, दाब बाये लवकर. न्हाय तर तिकडं वाजंल आन् पोरीची झोप मोडंल."

मुलीने तिचा हात धरला. मी दोघींना खोलीत सोडून बाहेर आलो.

अपघाती मृत्यू म्हणून अहवाल गेला आणि प्रकरण बंद झाले. ॲपच्या कंपनीला पत्र पाठवले, त्याचे उत्तर माझी बदली होईपर्यंत तरी आले नव्हते.

एक गोष्ट मात्र मी केली. ठाण्याच्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी आमच्याकडे असे. बीटवरचे शिपाई भेट देऊन वहीत 'ठीक' लिहीत. मी वही मागवून पाहिली. त्या म्हाताऱ्यांच्या नावापुढेही दोन वेळा 'ठीक' होते, आणि एकदाही कोणी घरात बसले नव्हते. त्यानंतर मी सांगितले की आत जायचे, पाणी मागून प्यायचे, ते आणणारा हात बघायचा. काहींनी केले, काहींनी केले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. तक्रार आली नाही म्हणजे सगळे बरे आहे, असे धरून मी तीस वर्षे नोकरी केली होती. ते तसे नसते, एवढेच शिकलो. शिकलेले पाळता येते असे मात्र नाही. पत्नी गेल्यावर मुलाने माझ्याही फोनमध्ये असे काहीतरी टाकायचे म्हटले. मी म्हणालो, "ते नको. तू रोज एक फोन कर." तो म्हणाला, "रोज काय बोलायचं, पप्पा?" तरी दोन महिने त्याने नेमाने केला. आता आठ-दहा दिवसांनी करतो. कसे आहात, असे विचारतो. गेल्या महिन्यात मी जिन्यात पडलो, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. मी बरा आहे, असे म्हणतो.