इंजिनावरचा नंबर

बाबालाल मिस्त्री गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजी घेताना. पिशवी दुकानातच विसरून मी घरी आलो आणि सरळ शेडमध्ये आबांच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आधी भीती वाटली... ती गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलो होतो.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्यासारखी विलायती मोटार गावात दुसरी नव्हती आणि त्याचा त्यांना भारी तोरा. साठच्या दशकाच्या अखेरीला आबा महिनाभर बेळगावला आत्याकडे गेले असताना मी न विचारता गाडी काढून एकटाच पन्हाळ्याला निघालो. चढाला इंजिन तापलं, वाफा यायला लागल्या आणि मी शहाण्याने त्यात विहिरीचं गार पाणी ओतलं. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडालाच, वीतभर तडा गेला. गाडी ओढत बाबालालच्या वर्कशॉपात आणली. आबा मला घराबाहेर काढतील, एवढंच मी बरळत होतो. त्याने जुन्या ब्लॉकवरून लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करून घेतला आणि उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत हुबेहूब नवा ब्लॉक ओतवला. जुन्या ब्लॉकवरचा कंपनीचा नंबर त्यावर ठोकायला मात्र तो तयार होईना. मीच गयावया केली, कारण दर खंडेनवमीला गाडी पुजताना आबा त्या नंबरालाही हळदकुंकू लावायचे. शेवटी मान खाली घालून त्याने एकेक आकडा ठोकला. आबा परत आले, पूजा झाली, कुणाला काही कळलं नाही.

सातआठ वर्षांनी जुन्या गाड्यांचे एक शौकीन पुण्याहून गाडी बघायला आले. आबा थकले होते, गाडी जाणत्याच्या हाती पडावी अशी त्यांची इच्छा होती. अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं ते अभिमानाने म्हणाले. पाहुणे हसले. संख्येने कमी म्हणून गाडी दुर्मीळ होत नाही, कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच अजून असेल तर ती दुर्मीळ, असं त्यांचं म्हणणं. मग बॅटरीच्या उजेडात ते कागदावरचा नंबर ताडून बघू लागले. आकडे जुळले. सौदा पक्का करायला ते खुशीत आबांचा हात हातात घेणार, इतक्यात आबांनीच गाडी दाखवायला बोलावलेला बाबालाल मागून बोलला.

"पावणं, ह्यो ब्लॉक कंपनीचा न्हाय. हितंच ओतलाय. नंबर बी म्याच ठोकलाय."

"कुणाच्या सांगण्यावरनं?" आबांनी विचारलं.

"कुणाच्या न्हाय, आबासाहेब. माझ्याच हातनं फुटलता."

मी दोन पावलांवर उभा होतो... तोंड उघडलं नाही. पाहुणे चहा न घेता गेले. आबांनी बाबालालला पुन्हा दारात उभं केलं नाही, आणि तो लबाड होता असं मानतच ते वारले. गावभर चर्चा झाली, त्याची चांगली गिऱ्हाइकं तुटली. मला मात्र त्याने कधी एका शब्दाने सुनावलं नाही. रस्त्यात भेटला की गाडीची चौकशी करायचा आणि मी घाईत असल्याचं दाखवून सटकायचो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला त्याच्या घरी गेलो. त्याचा मुलगा रशीद, तोही आता मिस्त्रीच, मला दारापर्यंत सोडायला आला. तिथे हळूच म्हणाला, "काका, तुमच्या वडलांस्नी अब्बांनी खरंच फसवलंतं काय? लोक अजून म्हणत्यात."

नंतर बोलू म्हणालो आणि चप्पल घालून चालता झालो. काल बॉनेट उघडून त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. शेवटचा आकडा किंचित तिरका बसलाय. बाबालालचं काम एरवी कधी तिरकं नसायचं.

रशीद, ब्लॉक मी फोडला. नंबर मी ठोकायला लावला. तुझ्या वडिलांनी फक्त माझं नाव घेतलं नाही. हे लिहिलेलं तुझ्याकडे पाठवलंय; वाचून तू येशील की नाही, आलास तर काय म्हणशील, या धास्तीने मी शेडचं दार उघडं ठेवून बसलोय.