एस्तेरअक्कांच्या बशीतलं यंत्र

प्रार्थना सुरू झाली की एस्तेरअक्का कानातलं यंत्र काढून पिशवीतून आणलेल्या बशीत ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावलो होतो. जगाचा गोंगाट बंद करून देवाचा आवाज ऐकायची ही रीत सुंदर आहे, असं मी त्यांना बोलूनही दाखवलं. अक्का म्हणाल्या, "देवाचं माहीत नाही. पाळकसाहेबांचा माईक सुरू झाला की हे शिट्टी मारतं."

इथे कन्नड मुलखात, येलहंक्याला, आमची मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये जमते. हॉल एवढासा, की मागच्या रांगेत कुणी उसासा टाकला तर पुढे कळतो. तरी माईक लागतोच. देव आमच्या मंडळीशी फार बोलतो. कुणाला प्लॉट घ्यायला सांगतो, कुणाला मुलीसाठी स्थळ सुचवतो, आणि बहुतेकदा त्यांच्या मनात होतं तेच. मी जन्माने ख्रिस्ती, स्वभावाने संशयी. मला त्याने कधी काही सांगितलं नव्हतं, आणि याची मला थोडी लाजच वाटे.

अक्का कन्नड शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. सबबी ऐकण्यात आयुष्य गेलेलं. त्या म्हणत, "उपाशीपोटी ऐकू येतो तो पुष्कळदा देव नसतो, पोट असतं." म्हणून कुणी साक्षात्कार घेऊन घरी आलं की त्या आधी खायला घालत. निम्मे साक्षात्कार उप्पीट संपेपर्यंतही टिकत नसत.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत आमच्याकडे वचनांची पेटी फिरते. डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची, आणि तिच्यावरचं वचन देवाने आपल्याला वर्षभरासाठी दिलं असं मानायचं. एका वर्षी माझ्या धाकट्या मेव्हण्याला, जोएलला, घरदार सोडून देव दाखवील त्या देशी निघण्याचं वचन आलं. जोएल मारतहळ्ळीच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको प्रिया गरोदर, सातवा महिना. बाळंतपणाचा विमा त्याच्या कंपनीचा. तो तिथल्या तिथे उभा राहिला आणि राजीनामा देऊन सुवार्तेच्या कामाला निघणार असल्याचं त्याने जाहीर केलं. पाळकसाहेबांनी माईकवरून याला देवाचं पाचारण म्हटलं. टाळ्या पडल्या. प्रियाचे हात मांडीवरच होते.

माझ्या बायकोने भावाला समजावलं, मीही समजावलं. देवाच्या आड येणारे नातेवाईक एवढीच बढती आम्हाला मिळाली. राजीनामा सोमवारी द्यायचा ठरला. रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही त्या दोघांना अक्कांच्या घरी नेलं.

उप्पीट झालं. त्याने दोनदा घेतलं, तरी निश्चय ढळला नाही. अक्कांनी सांगितलं, की हेच वचन गेल्या वर्षी ऐंशीच्या थॉमसकाकांना आलं होतं. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि संध्याकाळी परत आले. जोएल हसला नाही. मग अक्कांनी विचारलं, "प्रियाबद्दल काय म्हणाला तो?"

"तिच्याबद्दल काही नाही, अक्का."

"मग निरोप अर्धाच आलाय. स्वल्प थांब, उरलेला येऊ दे."

आणि त्या गप्प बसल्या. आम्हीही बसलो. मी टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या त्या बशीकडे बघत होतो, पण आज यंत्र कानातच होतं. शेजारचा मिक्सर सुरू झाला, थांबला. हवाई दलाच्या तळावरून एक विमान घरघरत गेलं. मला दोनदा वाटलं आपण काहीतरी बोलावं. अक्कांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शाळेत त्यांच्या वर्गात मुलं कशी बसत असतील ते मला कळलं.

बऱ्याच वेळाने जोएल जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काढणार आहेत. मॅनेजर बोललाय तसं. त्यांनी काढण्याआधी मला निघायचं होतं."

प्रियाने एवढा मोठा श्वास सोडला, की तो पुढच्या रांगेपर्यंत गेला असता. "एवढंच ना?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझ्यापासून लांब जायचंय."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "हा आवाज मला जरा ओळखीचा वाटतो. आपल्याला नको असलेलं सांगतो ना, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसतो."

राजीनामा गेला नाही. पुढे कळलं, की जोएलला नोकरीवरून नव्हे, त्या टीममधून काढायचं चाललं होतं. त्याला दुसरीकडे टाकलं. तिथलं काम त्याला जमलं. विमा राहिला, मुलगी झाली. वर्षभर आमच्या घरात कुणी पाचारणाचा विषय काढला नाही, आणि मला झोप छान लागत होती.

त्या दिवशी यंत्र का काढलं नाही, असं मी अक्कांना नंतर विचारलं होतं.

"तेव्हा ऐकायचं होतं ना."

"जोएलचं, की देवाचं?"

"तू दोन वेगळ्या ठिकाणी कान लावतोस, म्हणून तुला काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी उप्पीट वाढलं.

अक्का गेल्या वर्षी गेल्या, झोपेतच. दफनाच्या वेळी पाळकसाहेब माईकवरून पुष्कळ बोलले. अक्कांना त्रास झाला नसावा.

आता उपासनेनंतर जोएलच्या घरी चारजण जमतात. मागच्या रविवारी मीही तिथे होतो. मंडळीतला एक नवा मुलगा धापा टाकत आला आणि दारातूनच म्हणाला, की देवाने त्याला आज स्पष्ट सांगितलंय. प्रिया उठून स्वयंपाकघरात गेली. जोएलने त्याला खुर्ची दिली.

"सांगितलं असेल," तो म्हणाला. "आधी बस. जेवलास का?"